डाव्या बाजूचा तानपुरा

एप्रिल लागला की आमच्या जबलपुरात घरोघरचे कूलर गच्चीवरून खाली उतरतात. गेल्या वर्षीची काळी पडलेली खस ओढून काढायची, नवी भरायची, पंपात बसलेला गाळ काडीने टोकरायचा, आणि मग पहिल्यांदा बटण दाबलं की खोलीभर तो ओला, मातकट वास पसरतो. पुण्याकडचे पाहुणे तिला वाळा म्हणतात. आम्ही खसच म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारात राहिलेली आमची मराठी. तिच्यात असले शब्द फार आधीच मुक्कामाला आलेत.

वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, हा कूलरचा पहिला दिवस आवडतो. शाळेत शिकवून आली की ती सरळ त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसते. मला मात्र त्या दिवशी घरात स्वस्थ बसवत नाही. उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. डाव्या कानाशी अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून बघतो. मग उजव्या कानाशी. मग परत डाव्या.

“झालं का सुरू?” वैशाली म्हणते. “काहून दरसाल तेच ते करता?”

काय सांगणार? तिला माहीतच आहे. काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात, कूलर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत, माझा डावा कान गेला. आणि तो जात होता तेव्हा मी टेबलावर दिवा ओढून, डोळ्याला भिंग लावून, हेडफोनची डावी बाजू दुरुस्त करत बसलो होतो.

मी बँकेत नोकरी करतो. दिवसभर माणसं समोर बसून बोलतात, फोन वाजतात, नोटा मोजायचं मशीन फडफडत असतं. संध्याकाळी घरी आल्यावर मला शांतता नको असते. मला चांगला आवाज हवा असतो. हा छंद कसा लागला ते नेमकं आठवत नाही, पण लागला तो दुरुस्तीच्या वाटेने. जे हेडफोन धड अवस्थेत माझ्या आवाक्यात कधीच आले नसते, ते बिघडलेले मिळतात. कोणाची तार तुटलेली, कोणाच्या कानाच्या गाद्यांचा चुरा झालेला, कोणाची एक बाजू मुकी. मालक वैतागून काढून टाकतो, आणि तो खोका दूरच्या कुठल्या तरी शहरातून माझ्या दारात येतो. खोका उघडतानाचा आनंद मी कोणाला समजावून सांगू शकलेलो नाही. रांझीत राहणारा माझा मित्र दुबे हा अपवाद. तो तिथल्या कारखान्यात आहे, आणि त्यालाही हेच वेड आहे. त्याला सांगावं लागत नाही. तो मोटरसायकल काढून बघायलाच येतो.

त्या उन्हाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात माझ्याकडे असाच एक मोठा हेडफोन आला. दोन्ही कानांच्या वाट्या मागून जाळीच्या, उघड्या. त्यामुळे आतला आवाज बाहेर सांडतो आणि बाहेरचा आत येतो, पण ऐकणाऱ्याला आपण बंद डब्यात नाही, एखाद्या दिवाणखान्यात बसलोय असं वाटतं. त्याची डावी बाजू पूर्ण मुकी होती. उघडल्यावर दिसलं की आतल्या पडद्याला जोडणाऱ्या तारेचा सोल्डरचा टाका सुटलाय. हा पडदा म्हणजे कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून पातळ, दोन्हीकडून चुंबकांच्या पट्ट्या, मध्ये हा ताणून बसवलेला. टाका पुन्हा लावायचा तर पडद्याच्या अगदी कडेला तापलेलं टोक न्यायचं, आणि चुंबक ते टोक सारखं स्वतःकडे ओढणार. हात जरा सैल पडला की पडद्याला भोक. दुबे श्वास रोखून शेजारी उभा होता. मी टाका लावला. दुबेने इतका मोठा उसासा सोडला की मी त्याच्यावर ओरडलो.

मग ऐकलं. माझ्याकडे एका खासगी मैफलीचं जुनं रेकॉर्डिंग आहे. कोणाच्या तरी घरात, थोड्या लोकांसमोर गायलेला ख्याल. मी ते किती वेळा ऐकलं असेन देव जाणे, पण त्या दिवशी ती खोली मला पहिल्यांदा दिसली. उजवीकडे तबला, थोडा मागे. डावीकडे तानपुरा, इतका जवळ की त्याच्या जवारीचा गुंजारव गालावर जाणवावा. गाणाऱ्या बाईंनी षड्‌ज लावण्याआधी घेतलेला श्वास. बांगडी मांडीवरच्या पदराला लागल्याचा अर्धवट आवाज. आणि डावीकडे, तानपुऱ्याच्याही पलीकडे, कोणीतरी दाबून धरलेला खोकला. पाठोपाठ स्टीलचा पेला फरशीवर ठेवल्याची हलकी किणकिण. तो खोकणारा माणूस कोण असेल याचा मी पुढे किती विचार केला! तो नंतर उठून गेला असेल की शेवटपर्यंत बसला असेल? दुबेने ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाला, “यार, इसको तो पानी पिला दो कोई.”

तो हिवाळा फार सुखाचा गेला. थंडीत पंखे बंद, खिडक्या बंद, सगळं घर जणू ऐकायला बसलेलं. मग होळी झाली, ऊन वाढलं, कूलर आले.

उघड्या हेडफोनचं आणि कूलरचं वैर आहे. कूलर सुरू असला की तानपुरा ऐकू येत नाही. बंद केला की माणूस उकडून निघतो. मी गळ्यात ओला टॉवेल घालून ऐकायचो. कपाळावरचा घाम गाद्यांत मुरायचा. वैशाली दारातून बघायची आणि म्हणायची, “लोक पैसे देऊन गारव्यात बसतात, अन्‌ तुम्ही हौसेने भाजून राहिले.”

त्याच दिवसांत डावी बाजू मंद वाटायला लागली. आधी वाटलं, घामाने गादी दडपली. गाद्या काढून वाळवल्या. मग वाटलं, तारेत काहीतरी आहे. दुसरी तार लावली. डावीकडचा तानपुरा पातळ झाला होता, कोणी खिडकीला जाड पडदा ओढल्यासारखा. खोकला ऐकायला मी आता जीव कानात गोळा करायचो, आणि तो यायचा, पण शेजारच्या घरातून आल्यासारखा. पेल्याची किणकिण नाहीच. शिवाय एक बारीक शिट्टी सतत वाजत होती. मला वाटायचं, अँप्लिफायर गुणगुणतोय, नाहीतर कूलरचा पंप कोरडा पडलाय. पंपात पाणी ओतून यायचो. शिट्टी तशीच.

माझा संशय माझ्या टाक्यावर होता. हिवाळ्यात लावलेला टाका उष्णतेने सैल झाला असेल, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. बँकेत बसल्या बसल्या मला तो टाका दिसायचा. समोरचा माणूस कर्जाबद्दल विचारतोय आणि माझ्या डोळ्यांपुढे ती चुंबकाची पट्टी. घरी आलो की चहासुद्धा न घेता मी हेडफोन उघडायचो. टाका तपासायचा, मीटर लावायचं. मीटर दोन्ही बाजू सारख्याच दाखवायचं. मग मीटरवर संशय. टाका काढून नवा लावला. पुन्हा चुंबकाने टोक ओढलं, पुन्हा थोडक्यात वाचलं. बंद करून ऐकलं, तर तसंच. पुन्हा उघडलं. माझ्या बोटांना सोल्डरचा वास कायमचा लागला होता. जेवताना घास तोंडाशी नेला की तो वास यायचा आणि मी ताट अर्धं ठेवून उठायचो.

दुबेचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, “भाई साहब, उल्टा पहन के देखा?”

ही कोणत्याही दुरुस्तीची पहिली पायरी. हेडफोन उलटा घालायचा, म्हणजे डावी बाजू उजव्या कानावर. मंदपणा हेडफोनबरोबर फिरला तर दोष हेडफोनमध्ये. आम्ही दोघांनी परक्या माणसांच्या हेडफोनवर ही परीक्षा कितीदा घेतली असेल. मी म्हणालो, “देखते हैं,” आणि त्याच्या मोटरसायकलच्या सायलेन्सरची गोष्ट काढली. का? आजही मला नीट सांगता येत नाही. मला खरोखरच सुचलं नव्हतं असं म्हणावं, तर दुबेने सुचवल्यावर तरी बघायचं होतं. हेडफोन हातात होता. मान वळवावी इतकं ते सोपं होतं. पण फोन ठेवून मी पुन्हा स्क्रू काढायला घेतले. माणूस आतून काहीतरी ओळखून असतो, आणि हात मात्र भलतीकडेच राबत राहतात.

रविवारी दुपारी वैशाली खोलीत आली. बाहेर लू चालली होती, अंग भाजणारा वारा. खिडकीच्या फटीतून धूळ आत येत होती. कूलर मी बंद केला होता. ती टेबलासमोर येऊन उभी राहिली.

“आणा इकडे,” ती म्हणाली.

“तुला काय कळणार त्यातलं?”

“ऐकू तं येते मला?”

मी हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला, रेकॉर्डिंग लावलं. तिने डोळे मिटले नाहीत. ती माझ्याकडेच बघत होती. एका मिनिटात मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं की ती काय सांगणार आहे.

“अहो,” ती हळू म्हणाली, “दोन्हीकडून सारखंच येऊन राहिलं.”

“डावीकडे तानपुरा आहे. तो बारीक नाही वाटत?”

“बारीक? माझ्या कानात बसून वाजवून राहिले कोणी. अन्‌ एक जण खोकलला आत्ताच. मग काहीतरी भांडं ठेवलं.”

भांडं. मी हेडफोन तिच्याकडून घेतला आणि उलटा घातला. तानपुरा उजव्या कानात आला, भरघोस, त्याच्या सगळ्या जवारीसकट. तबला डावीकडे गेला आणि दूरच्या गल्लीत कोणी गादी झटकत असावं तसा वाजायला लागला. मी हेडफोन काढला, सुलटा घातला, पुन्हा उलटा. वैशालीने माझ्या हातातून तो घेऊन टेबलावर ठेवला. ती शिट्टी आता हेडफोनशिवायही होती. ती तेव्हाही होती, बँकेत होती, जेवताना होती. मी पंपात पाणी ओतत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी डोक्यावर चिमट्यासारखा काटा वाजवून ठेवला, मग काचेच्या खोलीत बसवून परीक्षा घेतली. कागदावर उजव्या कानाची रेघ सपाट मैदानासारखी, आणि डाव्याची भेडाघाटच्या कड्यासारखी खाली कोसळलेली.

“नस का मामला है,” त्या म्हणाल्या. “कभी-कभी अचानक हो जाता है, वजह भी नहीं मिलती. इसमें जितनी जल्दी दवा शुरू हो, उतना अच्छा. आप इतने दिन क्या कर रहे थे?”

“हेडफोन ठीक कर रहा था,” मी म्हणालो.

त्या हसल्या. मग माझ्याकडे आणि वैशालीकडे बघून त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी औषधं लिहिली. तेज आवाजाने झालं का, हे मी दोनदा विचारलं. तसं वाटत नाही, म्हणाल्या. कान परत येईल का, हेही दोनदा विचारलं. त्यावर “देखते हैं” एवढंच म्हणाल्या. माझेच दुबेला सांगितलेले शब्द.

त्या औषधांनी झोप उडाली. भूक अशी लागायची की मी उभ्या उभ्या डब्यातल्या शंकरपाळ्या संपवायचो, आणि हातपाय तर स्वस्थ म्हणून राहत नसत. पहाटे उठून कॉलनीतल्या कॉलनीत फेऱ्या मारायचो. कुत्रीसुद्धा कंटाळून माझ्यावर भुंकेनाशी झाली. एक कान गेला म्हणजे निम्मं ऐकू येतं असं मला वाटत होतं. तसं नसतं. आवाज येतात, पण त्यांचा पत्ता हरवतो. वैशाली स्वयंपाकघरातून “अहो” म्हणायची आणि मी बाल्कनीत जाऊन उभा राहायचो. फोन समोरच्या टेबलावर वाजायचा आणि मी खिसे चाचपायचो. बँकेत डाव्या बाजूला बसणारा सहकारी काही विचारायचा, मी गप्प. त्याला वाटलं मी रागावलोय. एकदा गोहलपुरच्या गर्दीत स्कूटरवर होतो. मागून हॉर्न वाजला, मी तो उजवीकडचा समजून डावीकडे सरकलो, आणि डावीकडूनच एक लोडिंग रिक्षा अंगाला घासून गेली. चालक ओरडला, “बहरे हो क्या?” लोक शिवी म्हणून विचारतात. मी स्कूटर बाजूला लावून एका गॅरेजच्या ओट्यावर बसलो, आणि मग घरी गेलो. स्कूटर ढकलत, चालत.

गोळ्यांनी पुरेसा गुण येईना, म्हणून कानाच्या पडद्यातून आत औषध टोचायचं ठरलं. उजव्या कुशीवर झोपायचं, डावा कान छताकडे, बोलायचं नाही आणि थुंकी गिळायची नाही, म्हणजे औषध आत टिकतं. टोचलं तेव्हा दुखलं ते सोसलं. पण नंतर उजवा कान, माझा चांगला कान, उशीत दबला गेला, आणि जग एकदम बंद झालं. वर पंखा फिरताना दिसत होता, त्याचा आवाज नव्हता. नर्स काहीतरी बोलत गेली, ओठ हलले. उरली फक्त ती शिट्टी. डाव्या कानात मला किती कमी उरलं होतं, ते तिथे पहिल्यांदा नागवं समोर आलं. मला उठून पळावंसं वाटलं. वैशाली स्टूल ओढून समोर बसली होती. तिने ओळखलं असावं. ती बोलली नाही, कारण उपयोग नव्हता. तिने माझ्या मनगटावर बोटाने ठेका धरला. शाळेत मुलांकडून कविता म्हणून घेताना बाकावर धरते तसा. मी त्या ठेक्याला धरून पडून राहिलो.

अशी इंजेक्शनं झाली, मधले दिवस गेले, आंब्यांना पाड लागला. एका दुपारी मी कूलरसमोरून जात होतो आणि डाव्या बाजूला काहीतरी भरल्यासारखं वाटलं. थांबलो. उजव्या कानात बोट घातलं. तरीही घरघर होती. जाड, बोजड, खालच्या सुरातली. ती कूलरचीच होती. मी वैशालीला हाक मारली, ती धावत आली, आणि मी कूलरकडे बोट दाखवत नुसताच उभा राहिलो. ती रडायला लागली. मग म्हणाली, “चला, निदान कूलर तरी आवडला तुम्हाला.”

त्याच आठवड्यात दुबे आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की आता माझ्याशी मोठ्याने बोलावं लागतं, म्हणून तो दारातूनच गरजत आला. मी त्याला खाली बसवलं, दोघांनी हेडफोन पुन्हा जुळवला. ऐकलं. खोकला आला होता, डावीकडे, त्याच्या जागेवर. तानपुऱ्याचा खर्जही आला होता. पण जवारी आली नव्हती. वरचं ते मधमाश्यांसारखं गुणगुणणं कोणीतरी पुसून घेतलं होतं. पेलाही आला नाही. दुबेने विचारलं, “आया?” मी म्हटलं, “थोडा आया.” त्याने रेकॉर्डिंग पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

आजही एवढंच येतं. हेडफोन मी अजून ऐकतो, आवाज लहान ठेवून, थोडा वेळ. डावीकडचा जोर वाढवायची सोय असते, करून बघितली. तसं केलं की तानपुरा मोठा होतो, पण त्याची जवारी काही परत येत नाही, म्हणून बटण जिथे होतं तिथेच नेऊन ठेवलं. बिघडलेले हेडफोन अजून येतात. मी ते दुरुस्त करतो आणि शेवटी वैशालीला ऐकायला देतो. ती आता फार चोखंदळ झालीय. मागे एकाबद्दल म्हणाली, “यात बाई नाकातून गाऊन राहिली,” आणि खरंच पडद्यावर केस अडकलेला निघाला. पण स्वस्थता गेली ती गेलीच. ऐकता ऐकता मध्येच मी हेडफोन काढतो, खोलीचा कानोसा घेतो, शिट्टी वाढली का बघतो, पुन्हा घालतो. संगीतात पूर्ण बुडणं म्हणतात, ते आता होत नाही. माझा एक पाय सतत काठावर असतो.

त्या उन्हाळ्यातली शेवटची परीक्षा झाली त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी नवी रेघ जुन्या रेघेशेजारी ठेवली. अर्धा कडा चढून आला होता. “इससे ज़्यादा अब शायद न आए,” त्या म्हणाल्या. “दूसरे कान को सँभालिए.” आम्ही दोघं बाहेर पडलो आणि न ठरवता सदर बाजाराकडे चालायला लागलो. ऊन उतरलं होतं, पण रस्त्याचं डांबर अजून तापलेलं होतं. दुकानांचं सामान फुटपाथवर आलेलं, त्यामुळे रस्त्याच्या कडेनेच चालावं लागत होतं. लग्न झाल्यापासून वैशाली माझ्या डावीकडून चालत आली होती. आतल्या बाजूने, मी वाहनांकडे. मीच तशी सवय लावली होती. त्या दिवशी थोडं चालल्यावर ती माझ्या मागून वळसा घालून उजवीकडे आली. मला वाटलं, पलीकडचं दुकान बघायचं असेल.

“इकडून चाल ना,” मी म्हटलं. “गाड्या अंगावर येऊन राहिल्या.”

“तिकडून बोलले तं ऐकू येते तुम्हाला?”

“काही महत्त्वाचं असलं तर हात लाव. वळेन मी.”

ती थांबली. “मी काय फक्त महत्त्वाचंच बोलते?”

 ती उजवीकडेच राहिली, वाहनांच्या बाजूला, आणि शाळेतल्या एका बाईंबद्दल सांगायला लागली, ज्यांनी बदली मागितली होती आणि मिळाल्यावर ज्यांना आता जायचंच नव्हतं. मला तिची बाजू बदलून घ्यायची होती, प्रत्येक गाडीला मी दचकत होतो. एक बस हॉर्न वाजवत अगदी जवळून आली; ती पुढून आली की मागून, मला कळलं नाही. वैशालीने माझं कोपर धरलं, बस जाऊ दिली, आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे सांगायला लागली.